शर्यतीआधी घोडा किती दिवस अगोदर न्यावा? पुणे-हैदराबादचा हिशेब

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. चार मित्रांनी मिळून घेतलेला चार वर्षांचा खच्ची घोडा, वजन ४७० किलोच्या आसपास, मुक्काम पुण्यात. मागच्या वेळी हैदराबादला मलकपेटच्या मैदानावर रविवारी शर्यत होती. फ्लोट, म्हणजे घोडे नेण्याची गाडी, शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघाला, १४ तासांनी शनिवारी सकाळी पोचला. दुपारी रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल. रविवारी घोडा शेवटच्या ४०० मीटरपर्यंत पुढच्या घोळक्यात होता आणि तिथून तेल संपलेल्या दिव्यासारखा विझत गेला. आता ट्रेनर म्हणतात, पुढच्या वेळी चार दिवस आधी पाठवू. तुमचे एक मित्र म्हणतात, उलट आदल्या रात्रीच पाठवा, पोचला की पळवा, घोड्याला दमायला वेळच मिळणार नाही. आणि चार दिवसांचा तिथला खर्च तुमच्या डोक्यात आहे. तो असणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी पशुवैद्य आहे. २३ वर्षं रेसच्या घोड्यांतच काढली, त्यातली पहिली काही तर फ्लोटमध्ये सईसांच्या, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्यांच्या, शेजारी गवताच्या गठ्ठ्यावर बसून. त्या अनुभवावरून सांगतो, ‘किती दिवस आधी’ हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की घोडा गाडीतून उतरला तेव्हा कसा होता, आणि तो बरा आहे असं तुम्हाला कुणी कशावरून सांगितलं. तुमच्या सगळ्या मजकुरात वेळापत्रक आहे, पैसे आहेत, रक्ताचा रिपोर्ट आहे. घोडा वाटेत पाणी किती प्यायला, पोचल्यावर दाणा संपवला का, ताप किती होता, यातलं काहीच नाही. एकच वाक्य आहे, ‘सईस म्हणाला एक बादली प्यायला.’ माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. त्याच्याकडे परत येतो.

पुणे ते हैदराबाद सोलापूर, उमरगा, झहीराबादवरून साधारण ५६० किलोमीटर. मोटारीतून आपण नऊ-दहा तासांत जातो, पाय आखडले की ढाब्यावर उतरतो, आणि म्हणून ‘एका रात्रीचा तर प्रवास’ असं म्हणून मोकळे होतो. घोडा त्या गाडीत बसलेला नसतो, उभा असतो. त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर. ड्रायव्हरने ब्रेक मारला की तो पुढे रेलतो, वळण आलं की बाहेरच्या बाजूला पाय रोवतो, गती घेतली की मागे बसकण मारल्यासारखा होतो. डोळ्यांना रस्ता दिसत नसल्यामुळे पुढचा धक्का कुठून येणार हे त्याला आधी कळत नाही. अभ्यासांत असं दिसलंय की गाडीत नुसतं उभं राहण्यात घोड्याची साधारण सावकाश चालण्याइतकी ताकद खर्च होते. म्हणजे तुमचा घोडा शुक्रवारी रात्रभर चालला असं समजा. चालणं त्याला जड नाही, रेसचा घोडा त्याने मोडत नाही. पण शर्यतीच्या आदल्या रात्री तुम्ही कुठल्या घोड्याला १४ तास चालवलं असतंत का?

तरीही पायांचा शिणवटा ही माझ्या मते त्यातली लहान गोष्ट आहे. एक दिवसाच्या विश्रांतीने तो बहुतेक उतरतो. खरं घोडं पेंड खातं ते मानेपाशी.

घोडा कुरणात असला की दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ मान खाली घालून चरतो. श्वासनलिकेत जमणारा चिकट द्रव, धूळ, जंतू हे सगळं त्या उतारावरून खाली, नाकाकडे येतं. तो फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही, म्हणून ही नळी साफ राहणं त्याच्यासाठी फार मोलाचं. आता फ्लोटमध्ये काय होतं? म्होरकीला बांधलेला दोर आखूड ठेवतात, कारण लांब ठेवला तर पाय अडकेल किंवा शेजारच्याला चावेल. त्यात डोळ्यासमोर गवताची जाळी टांगलेली. मान रात्रभर वर. उतार उलटा झाला. जंतू बाहेर यायचे ते आत, फुफ्फुसाकडे सरकतात. मान वर बांधून ठेवलेल्या घोड्यांच्या श्वासनलिकेत ६ ते १२ तासांत जंतूंची संख्या वाढलेली दिसते, मग गाडी चालत असो वा नसो. नुसतं तबेल्यात मान वर बांधून उभं केलं तरी तेच होतं. म्हणून या दुखण्याला जगभर ‘शिपिंग फीवर’ म्हणत असले तरी दोष चाकांपेक्षा आखूड दोराचा जास्त. त्यातून पुढे फुफ्फुसाला आणि छातीच्या आवरणाला सूज येते, आणि ते दुखणं कधी कधी घोड्याचं करिअर संपवतं, क्वचित जीवही घेतं.

यात भर म्हणजे गाडीतली हवा. लीद आणि मूत्र यांचा वास तुम्हाला दार उघडल्यावर नाकात झोंबतो, तो अमोनिया. घोड्याने तो रात्रभर घेतलेला असतो. कोरडं, धुळीचं गवत असेल तर तीही धूळ. पावसाळ्यात फ्लोटच्या झडपा पाणी येतं म्हणून बंद करतात आणि आत वाफारा तयार होतो. घोडा भिजण्यापेक्षा कोंडल्याने जास्त आजारी पडतो, हे मी ड्रायव्हरांना इतक्यांदा सांगितलंय की आता मला पाहिलं की ते आधीच झडप उघडतात.

आता ती बादली. आपली बादली साधारण १५ लिटरची, आणि सईस ‘प्यायला’ म्हणतो तेव्हा ती रिकामी झाली असं नसतं, तोंड घातलं एवढाच अर्थ बऱ्याचदा असतो. एरवी तबेल्यात असा घोडा हवामान आणि कामानुसार दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी पितो. प्रवासात बरेच घोडे निम्म्यावर येतात. पाण्याला वेगळा वास असेल, टँकरचं किंवा क्लोरीनचं असेल, तर नाक लावून मागे होतात. शिवाय घोड्याच्या घामात मीठ इतकं जातं की पाणी कमी झालं तरी त्याला म्हणावी तशी तहान लागत नाही. १४ तासांच्या प्रवासानंतर मी जे घोडे काट्यावर घेतले, त्यांत १८ ते २५ किलोंची घट ही नेहमीची गोष्ट होती. घाबरू नका, त्यातलं बरंचसं पोटातलं गवत-पाणी आणि टाकलेली लीद असते. घोड्याचं मोठं आतडं हीच त्याची पाण्याची टाकी असते, आणि प्रवासात तो आधी ती उपसतो. पण टाकी रिकामी असलेला घोडा पळताना तापतो लवकर, आणि शेवटच्या ४०० मीटरला, जिथे खरी परीक्षा असते, तिथे त्याच्याकडे काढायला काही उरत नाही. टाकी पुन्हा भरायला लहान प्रवासानंतर एक दिवस पुरतो, लांबच्या प्रवासानंतर तीन दिवस लागतात, काहींना आठवडासुद्धा.

जपानमध्ये शर्यतीच्या दिवशी प्रत्येक घोड्याचं वजन आणि मागच्या शर्यतीपेक्षा किती किलो कमी-जास्त, हे जाहीर करतात. लोक पैसे लावण्याआधी ते वाचतात. आपल्याकडे मालकसुद्धा विचारत नाहीत, हे मला नेहमी खटकतं.

तुमच्या रक्ताच्या रिपोर्टबद्दल. शनिवारी दुपारी, म्हणजे उतरल्यावर चार-पाच तासांनी घेतलेलं रक्त ‘नॉर्मल’ आलं यावरून फार तर एवढं कळतं की घोडा पुण्याहून निघताना आजारी नव्हता. प्रवासाच्या ताणाने कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींचं प्रमाण तसंही वरखाली होतं आणि ते आकडे वाचणं अवघड जातं. सूज दाखवणारं फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन वाढायला एक ते तीन दिवस लागतात. सीरम अमायलॉइड ए हे तसंच दुसरं प्रथिन त्याहून बरंच लवकर वाढतं, पण तेही काही तास घेतंच, आणि ती तपासणी सगळेच मागवत नाहीत. थोडक्यात, वरात निघून गेल्यावर घोडं आणावं तसा हा रिपोर्ट उलट्या टोकाने चुकला, वरातीच्या फार आधी आला. त्याच पैशांत पुढच्या वेळी उतरल्यानंतर ३६ ते ४८ तासांनी रक्त घ्या. आणि त्याहून स्वस्त, त्याहून भरवशाचं हत्यार म्हणजे थर्मामीटर. घोड्याचं तापमान साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असतं. पण प्रत्येक घोड्याचं स्वतःचं एक ‘घरचं’ तापमान असतं, ते आठवडाभर आधी सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलं पाहिजे. रोज ९९.८ असणारा घोडा प्रवासानंतर १०१.२ दाखवत असेल तर पुस्तकाप्रमाणे तो ठीक आहे, माझ्या वहीप्रमाणे नाही.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. नोकरीचं चौथं वर्ष होतं. एक तीन वर्षांची फिली, म्हणजे तरुण घोडी, लांबच्या प्रवासाने आली. उतरली तेव्हा कान टवकारलेले, अंगावर तकाकी, तापमान १०१ च्या आत. दुसऱ्या दिवशी सईस म्हणाला, ‘डॉक्टर, हिने दाणा टाकला.’ मी म्हटलं, नवी जागा आहे, खाईल. ती पळली, शेवटून दुसरी आली, आणि दोन दिवसांनी ताप १०४ वर. छातीत पाणी झालं होतं. वाचली, पण पुन्हा मैदानावर आली नाही, प्रजननासाठी गेली. त्या सईसाचं शिक्षण सातवीपर्यंतचं होतं आणि त्या दिवशी त्या तबेल्यात खरा डॉक्टर तोच होता. दाणा टाकणं, म्हणजे न खाता सोडून देणं, हे तापाच्या आधीचं लक्षण असतं. तेव्हापासून सईसाने सांगितलेली कुठलीही गोष्ट मी आधी खरी धरतो आणि मग तपासतो.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. आदल्या रात्री पाठवा, पोचला की पळवा. यात मुळीच अक्कल नाही असं नाही. नवीन तबेल्यात काही घोडे जेवत नाहीत, रात्रभर चकरा मारतात, अशांना तिथे चार दिवस ठेवणं म्हणजे चार दिवस झिजवणं. आणि जपानचंच उदाहरण घ्या: त्यांच्याकडे रित्तोच्या प्रशिक्षण केंद्रातले घोडे टोकियोला शर्यतीच्या आदल्या दिवशी रस्त्याने जातात आणि मोठमोठ्या शर्यती जिंकतात. पण तो प्रवास पाचएकशे किलोमीटरच्या आतला, चांगल्या रस्त्यावरचा, हवा खेळती ठेवणाऱ्या गाडीतला, आणि घोडे लहानपणापासून त्याला सरावलेले. तास मोजा, किलोमीटर नको. माझा ढोबळ हिशेब असा: गाडीत ४-५ तास असतील, म्हणजे पुणे-मुंबईसारखं दीडशे किलोमीटर, तर आदला दिवस पुरतो. ६ ते ८ तास असतील तर मधे एक पूर्ण दिवस मोकळा हवा. १२ तासांच्या वर गेलात तर तीन मोकळे दिवस, आणि चौथा मिळाला तर घ्या. तुमचा प्रवास १४ तासांचा. शनिवारी पोचून रविवारी पळणं म्हणजे शिणवटा उतरला, पण टाकी भरलेली नाही आणि ताप यायचा असेल तर तो अजून वाटेत आहे, अशा बरोब्बर चुकीच्या वेळी घोडा शर्यतीच्या गेटमध्ये उभा करणं. मित्राने सांगितल्याप्रमाणे शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी पोचवला असतात, तर आखडलेल्या स्नायूंनिशी पळला असता, एवढाच फरक.

दुसऱ्या टोकाच्या हिशेबाचा एक जुना किस्सा आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड जॉर्ज बेंटिंकचा एलिस नावाचा घोडा डॉनकास्टरच्या सेंट लेजर शर्यतीत पळणार होता. त्या काळी घोडे शर्यतीला चालत जात, दक्षिणेतल्या गुडवूडहून डॉनकास्टर म्हणजे दोन आठवड्यांची पायपीट. शर्यत काही दिवसांवर आली तरी एलिस तबेल्यातच आहे हे पाहून बुकींनी धरलं की तो पळत नाही, आणि भाव वाढवला. बेंटिंकने आतून गाद्या लावलेली मोठी बंद गाडी बनवून घेतली होती. तिला घोडे जुंपून एलिसला त्यात बसवून नेलं, म्हणजे उभा करून नेलं. आणि वाटेत लिचफील्डच्या मैदानावर उतरवून पळवूनही घेतलं. एलिस जिंकला. सगळे गाडीचं कौतुक करतात, मला कौतुक वाटतं लिचफील्डच्या थांब्याचं. मान खाली घालायला, पाय मोकळे करायला, फुफ्फुसं झाडायला घोडा खाली उतरवला पाहिजे हे त्या माणसाला विज्ञान नसताना कळलं होतं.

मग ट्रेनर बरोबर आहेत का? दिवसांपुरते बरोबर. पण चार दिवस नुसते आधी नेऊन बांधून ठेवले तर मागच्या वेळेसारखाच निकाल लागू शकतो. त्या चार दिवसांत काय करायचं ते ठरलेलं हवं. रविवारची शर्यत धरून मी असं करीन.

शेवटचा जोराचा गॅलप, म्हणजे भरधाव दौड, पुण्यात निघण्याच्या तीन-चार दिवस आधी उरकायचा. आदल्या दिवशी मुळीच नको. जोरात पळलेल्या रेसच्या घोड्याच्या फुफ्फुसात बऱ्याचदा थोडं रक्त उतरतं, बाहेर दिसत नाही पण दुर्बिणीतून दिसतं, आणि जंतूंना त्याहून चांगलं अन्न नाही. तसा घोडा रात्रभर मान वर करून उभा करायचा म्हणजे आपणच आमंत्रण देणं. निघायच्या दिवशी दाणा निम्मा, गवत मात्र भरपूर, तेही पाण्यात बुडवून काढलेलं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, रिकाम्या पोटी प्रवास केला की जठराच्या व्रणांचा त्रास वाढतो. उलट दाणा पोटभर आणि काम बंद, असं झालं तर दुसऱ्या दिवशी स्नायू लाकडासारखे आखडण्याचा धोका.

मंगळवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघा, बुधवारी सकाळी पोचा. दर चार तासांनी गाडी थांबली पाहिजे, आणि नुसती ड्रायव्हरच्या चहासाठी नव्हे. अर्धा तास थांबा, इंजिन बंद, झडपा उघड्या, गवताची जाळी काढा, दोर मोकळा करा आणि घोड्याला तोंड गुडघ्यापर्यंत खाली नेऊ द्या. तो फुरफुरेल, नाकातून पाणी येईल, आलंच पाहिजे. गवत जाळीत टांगण्यापेक्षा खाली टाकलं तर उत्तम, तेवढी जागा असेल तर. पाणी प्रत्येक थांब्याला पुढे करा, नाही प्यायला तर दहा मिनिटांनी पुन्हा करा. पुण्याचंच पाणी दोन-तीन कॅनमध्ये भरून न्या. हायवेवर घोडा खाली उतरवू नका. एक हॉर्न वाजला की संपलं. आणि जनावरांच्या अनोळखी गोठ्यातही नको, कुठला आजार घेऊन येईल सांगता येत नाही.

बुधवारी उतरल्याबरोबर तापमान, मग हातात धरून अर्धा तास चालवणं आणि हिरवं गवत जमिनीवर. दाणा त्या दिवशी हलका. पहिल्या दिवशी पाठीवर कुणी बसायचं नाही. गुरुवारी रायडिंग बॉय बसवून ट्रॉट (दुडकी चाल) आणि हलकी कँटर (गॅलपपेक्षा सावकाश दौड), शुक्रवारी चांगली कँटर आणि शेवटी थोडं अंतर जोरात, तीही तीन गोष्टी जुळल्या तरच: गुरुवार-शुक्रवार दोन्ही वेळचा दाणा संपलेला, तापमान घरच्या आकड्याच्या अर्ध्या डिग्रीत, आणि काट्यावर वजन पुण्याच्या आकड्यापासून ५-६ किलोंच्या आत. लीद दिवसाला आठ-दहा वेळा, नेहमीसारखी मऊ गोळ्यांची पडतेय का, तेही पाहा. कोरडे लहान गोळे पडत असतील तर पाणी कमी आहे आणि पोटशूळ दाराशी आहे. रक्त शुक्रवारी सकाळी. शनिवारी चालवणं आणि विश्रांती.

यात एक जरी गोष्ट शुक्रवारपर्यंत जुळली नाही, तर नाव मागे घेण्याची हिंमत मालकाने ट्रेनरला दिली पाहिजे. हे मी मुद्दाम मालकांना सांगतोय. ट्रेनरला बहुतेक वेळा कळलेलं असतं, पण गाडीभाडं झालंय, तिकिटं काढून मालक आणि त्यांचे पाहुणे येताहेत, अशा वेळी तो बोलत नाही.

औषधांबद्दल दोन शब्द. गाडीत शांत राहावा म्हणून गुंगीचं इंजेक्शन देण्याचा विचारही करू नका. तोल जातो तो वेगळाच, आणि शर्यतीनंतरच्या तपासणीत सापडलं तर घोडा, ट्रेनर सगळेच अडकतात. ‘खबरदारी म्हणून’ निघताना अँटिबायोटिक देण्यालाही माझा विरोध आहे. ताप झाकला जातो, आजार नाही. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षार, आदल्या दिवशी दाण्यातून चालतील, पण घोडा पाणी पीत नसेल तर मुळीच नाही, कारण मग ते मीठ उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढून घेतं. आणि हो, सईसांनी फ्लोटमध्ये चहा पिऊन उरलेला घोड्याच्या बादलीत ओतू नये. हसू नका. कॅफीन हा निषिद्ध पदार्थ आहे आणि घोड्याच्या मूत्रात ते शोधून काढतात.

हे सगळं घोड्यागणिक बदलतं, आणि तुमचा घोडा मी पाहिलेला नाही. दहा वेळा प्रवास केलेला, गाडीत चढताना स्वतःच रॅम्पवर पाय टाकणारा घोडा असेल तर एक दिवस कमी केला तरी चालेल. पहिल्यांदा निघालेला, चढतानाच घामेजणारा असेल तर एक वाढवा, आणि आधी पंधरा दिवस पुण्यातच रोज नुसता चढवून-उतरवून, मग अर्ध्या तासाची फेरी मारून सराव करा. सोबत ओळखीचा घोडा असला की बरेच घोडे निम्मे शांत होतात. तोंड गाडीच्या पुढच्या दिशेला असावं की मागच्या, यावर तज्ज्ञांत वाद आहेत. मोकळे सोडले तर पुष्कळ घोडे मागे तोंड करून उभे राहतात, ब्रेकचा धक्का मग डोक्याऐवजी पुठ्ठ्यावर येतो. पण आपल्याकडच्या फ्लोटमध्ये ती निवड तुमच्या हातात फारशी नसते, म्हणून तिथे वेळ घालवू नका. ड्रायव्हर निवडणं हातात असतं. घाटात आणि स्पीडब्रेकरवर गाडी कशी सोडायची हे ज्याला कळतं त्याला दोन पैसे जास्त द्या. हवामानाचं म्हणाल तर पुणे आणि हैदराबाद दोन्ही पठारावरची गावं, उंचीत फारसा फरक नाही, त्यामुळे तुम्हाला तिथे जुळवून घ्यायचे वेगळे दिवस नकोत. हाच घोडा पुण्याच्या कोरड्या हवेतून मुंबईच्या दमटपणात नेत असतात तर मी वेगळं बोललो असतो. तिथे काही घोड्यांचं घाम येणंच बंद होतं, आणि त्याला आठवडेही पुरत नाहीत.

क्लबाच्या नियमांचं आधी विचारून घ्या. बाहेरगावच्या घोड्यांनी कधीपर्यंत पोचायचं, लसीकरणाच्या नोंदी आणि आरोग्याचे कोणते दाखले लागतात, हे हंगामाप्रमाणे आणि आजाराच्या साथीप्रमाणे बदलतं. कागद अपुरे म्हणून गेटबाहेर तीन तास उन्हात उभा राहिलेला फ्लोट मी पाहिलाय. त्या तीन तासांनी रात्रभराच्या काळजीवर पाणी फिरवलं.

मागच्या शर्यतीत घोडा विझला तो प्रवासामुळेच का, याचं छातीठोक उत्तर मी देणार नाही. नवीन मैदान, वरचा वर्ग, सुरुवातीला जास्त वेगाने काढलेली शर्यत, यांपैकी कशानेही घोडा शेवटच्या ४०० मीटरला तसाच दिसतो. पण शनिवारी सकाळपासून रविवार दुपारपर्यंत त्याने दाणा संपवला होता का, एवढं त्या सईसाला आज विचारा. त्याला आठवत असेल. ‘रात्रीचा अर्धा ठेवला होता’ असं तो म्हणाला, तर प्रवासाकडे बोट दाखवायला मी कचरणार नाही. ‘भांडं चाटून पुसून स्वच्छ’ म्हणाला, तर जॉकीशी बोला, आणि श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी अजून केली नसेल तर पुढच्या गॅलपनंतर तासाभरात करून घ्या. सईसाशी बोलाल तेव्हा त्या बादलीचंही विचारा, किती लिटरची होती आणि किती उरली.